बोंडअळीचें आतडें व विजेचा कांटा

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली कीं बियाण्यांतील विषच निकृष्ट, असा आमच्या कित्येक शेतकरी बंधूंचा समज होतो. बनावट बियाणें विकलें जातें हें आम्हांसहि ठाऊक आहे. परंतु विष उत्तम असूनहि अळी जगते, असेंहि घडतें. तें कसें, हें येथें सांगावयाचें आहे.

हें विष म्हणजे एक प्रथिन. अळीच्या आतड्यांतील पेशींभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा पापुद्रा असतो. त्यांत हें प्रथिन शिरून भोंकें पाडितें. त्यांतून क्षार व पाणी आंत घुसतें आणि पेशी फुगून फुटते. अशीं भोंकें डोळ्यांस दिसावयाचीं नाहींत. मग तीं मोजावीं कशीं?

१९६२ सालीं अमेरिकेंत म्युलर, रूडिन, टिएन व वेस्कॉट यांनीं मेंदूंतील स्निग्ध द्रव्य पाण्याखालीं एका बारीक छिद्रावर पसरलें. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग प्रथम दिसले. मग पडदा पातळ होत होत काळा पडला. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षाव्या भागाइतकी! दोहों बाजूंस मिठाचें पाणी व त्यांत रुप्याची एकेक तार ठेविली कीं उपकरण सिद्ध झालें. पडदा अभंग असेतों मिठाचे भारित कण पार होत नाहींत, आणि कांटा जवळजवळ शून्यावर राहतो. एक भोंक उघडलें कीं तो पायरीसारखा चढतो, मिटलें कीं उतरतो. हा प्रवाह इतका क्षीण कीं त्यापुढें विजेरीचा प्रवाह म्हणजे महापूरच. तरी अँपियरच्या एक सहस्र अब्जांश प्रवाहांतहि सेकंदास साठ लक्षांहून अधिक कण पार होतात.

१९९० सालीं बीटी विषाचीं भोंकें याच रीतीनें मोजण्यांत आलीं. पुढें असें दिसलें कीं, नुसत्या स्निग्ध पडद्यांतहि विष भोंक पाडूं शकतें, मात्र त्यास मात्रा फार लागते. अळीच्या आतड्यांतील विष धरणारीं प्रथिनें पडद्यांत बसविलीं कीं अत्यल्प मात्रा पुरते. हीं प्रथिनें म्हणजे विष अडकावयाच्या खुंट्याच.

भारतांत बीटी कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली. पुढें येथील ज्या गुलाबी अळ्या विषास दाद देईनाशा झाल्या, त्यांच्या कॅडहेरिन नामक खुंटींत बिघाड आढळले. विष तेंच, खुंटी मोडलेली. हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच अळी तगते. बांधालगत बिगर-बीटी ओळी लावावयाच्या त्या याचसाठीं. पुष्कळ जण त्या लावीतच नाहींत. त्या ओळींवर वाढलेल्या साध्या पतंगाशीं संकर झाला, तर पिल्लांत निदान एक खुंटी शाबूत राहते, व अशी अळी विषानें मरूं शकते.