सहा आठवड्यांचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी आटोपते, मका घरात येतो, साखर कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परततात. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या शिवारात मग उन्हाळ्याचे चार मोकळे दिवस येतात आणि वर्षभर मागे ठेवलेली दुखणी पुढे येतात. त्यांत बाईचं दुखणं सगळ्यांत मागचं. अंगावरून फार जातंय, पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, अंग बाहेर येतंय. डॉक्टरच्या टेबलावर पोचेपर्यंत अनेकींच्या घरात उपायही ठरलेला असतो: पिशवी काढून टाकायची, म्हणजे कटकट मिटली.

गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन आज साधारण तास-दोन तासांत होतं आणि बहुतेक वेळा सुखरूप पार पडतं. त्याच्या आधीची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे हा खरा अवघड भाग. घरचे लोक ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव करतात, पण या सहा आठवड्यांची करत नाहीत.

मराठवाड्याला हा विषय नवा नाही. एप्रिल २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांवर ‘हिंदू बिझनेसलाइन’मध्ये वृत्तांत आला आणि देशभर खळबळ उडाली. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याची माहिती त्याच जूनमध्ये विधिमंडळात देण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांतली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होतं.

इतका फरक नुसत्या आजाराने पडत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. दिवस बुडाला की खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. फडात ना आडोसा, ना पाणी, ना संडास. अशा ठिकाणी दर महिन्याची पाळी हेच संकट वाटू लागतं. त्यात कुणी ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं की निर्णयाला एक संध्याकाळ पुरते. या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२२मध्ये केंद्राने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणायला राज्यांना सांगितलं.

म्हणून पिशवी काढणं नेहमीच चुकीचं, असंही नाही. पिशवीच्या किंवा तिच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये या ऑपरेशनने जीव वाचतो. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, पूर्ण बाहेर आलेलं अंग, यांत वर्षानुवर्षांचा जाच संपतो. प्रश्न आहे तो पहिल्याच फेरीत या टोकाला जाण्याचा. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. ते तपासणीने आणि औषधांनी बरं होतं, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. पाळीत फार जात असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन असलेली तांबी आहे. ती एकदा बसवली की काही वर्षं काम करते. गाठ एकटी काढता येते. शिवाय पाळी जायची वेळ जवळ आली असेल तर गाठी पुढे आपसूक आकसतात, हेही विचारात घ्यावं लागतं.

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर तर मराठी डॉक्टरांनीच पिशवी वाचवण्याच्या वाटा शोधल्या. गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर जगाला गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी माहीत आहेत. खाली उतरलेली पिशवी पट्टीने वर टांगून ठेवण्याची त्यांची शस्त्रक्रिया आणि मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांची तशाच उद्देशाची शस्त्रक्रिया आजही वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. तरुण बाईला पुढे मूल हवं असेल तर या वाटेने जाता येतं.

निर्णय घाईत होतो, याचं आणखी एक कारण म्हणजे तपासणीच होत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं आणि पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं ते थेट ऑपरेशनसाठी, ही रीत आजही पुरती मोडलेली नाही.

तेव्हा तयारीची सुरुवात एका सोनोग्राफीवर थांबत नाही. पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी हवी. चाळिशीनंतर अनियमित रक्त जात असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं गरजेचं असतं. कारण आत कॅन्सर असेल तर ऑपरेशनच वेगळं करावं लागतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला संकोच नको. देवगावच्या बाईला त्यासाठी संभाजीनगरला जावं लागलं, तरी ‘घाटी’त, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. एका हेलपाट्याने ऑपरेशन टळत असेल किंवा त्याची गरज पक्की होत असेल, तर तो वाया गेला असं होत नाही.

ऑपरेशन ठरलंच तर पहिला मुद्दा रक्ताचा. महिनोन्‌महिने अंगावरून जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं. घाई नसेल तर डॉक्टर ते साधारण दहाच्या वर आणायला सांगतात. लोहाच्या गोळ्यांनी त्याला काही आठवडे लागतात, सलाइनमधून दिलेल्या लोहाने थोडे कमी. तेवढ्या काळात रक्तस्राव थांबवणारी औषधं चालू असतात. कधी कधी त्यांनीच इतका गुण येतो की ऑपरेशनची तारीख मागे पडते आणि पुढे रद्दही होते.

साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवेत, नाहीतर जखम चिघळते. मिश्री लावायची, तंबाखू खायची सवय असेल तर ती काही आठवडे आधी सुटलेली बरी, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरपासून ती लपवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, दम्याची औषधं, जडीबुटी, काय काय चालू आहे ते सगळं सांगावं. उपाशी राहण्याबद्दलही गैरसमज आहे. आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब न घेतल्याने फक्त अशक्तपणा येतो. साधारणपणे जेवण सहा-आठ तास आधी बंद करतात आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळायची.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण महत्त्वाचे आहेत. ऑपरेशन खालून होणार, दुर्बिणीतून की पोट उघडून? जिथे शक्य आहे तिथे खालून केलेल्या ऑपरेशनात पोटावर टाका पडत नाही आणि बाई लवकर उठते. पिशवीचं तोंड काढणार की ठेवणार? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, अंडाशयं काढणार का? पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचा काळ हळूहळू येत नाही, एका दिवसात येऊन आदळतो. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. निरोगी अंडाशयं तिशी-चाळिशीत काढायला ठोस कारण लागतं. अंडाशयं ठेवली तरी काही बायकांमध्ये त्यांचं काम नेहमीपेक्षा थोडं लवकर मंदावतं, तेही माहीत असावं.

संमती कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे नवऱ्याच्या सहीने सुटला असं समजतात. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात याचं स्पष्ट उत्तर दिलं. एक बाई दुर्बिणीच्या तपासणीला संमती देऊन भुलीत होती. तेवढ्यात आईची परवानगी घेऊन तिची पिशवी आणि अंडाशयं काढण्यात आली. जिवाला तातडीचा धोका नसताना दुसऱ्या कुणाची परवानगी चालत नाही, संमती रुग्णाची स्वतःचीच हवी, असं न्यायालयाने सांगितलं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सिस्टर येऊन बाईला उठवतात आणि चालायला लावतात. नातेवाइकांना हा जुलूम वाटतो. पण पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्त गोठू शकतं आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. खाण्याच्या बाबतीतही पथ्याचा अतिरेक नको. डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडं, ताक, भरपूर पाणी, सगळं लवकरच सुरू होतं. पाणी कमी पाजलं तर बद्धकोष्ठ होतं आणि कुंथण्याचा ताण नेमका आतल्या टाक्यांवर येतो.

हे आतले टाके दिसत नाहीत, घोटाळा होतो तो त्यामुळेच. आठ-दहा दिवसांत पोटावरची जखम भरते, खालून ऑपरेशन झालं असेल तर दिसण्यासारखी खूणही नसते. घरच्यांना वाटतं, झाली बरी. पण पिशवी जिथून काढली तिथे योनीमार्गाचं वरचं टोक शिवलेलं असतं. ती शिवण पक्की व्हायला सहा आठवडे लागतात, पोट उघडलं असेल तर कधी आठ. तेवढ्या काळात चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नका, असं कागदावर लिहून मिळतं. पंधरा लिटरचा भरलेला हंडा पंधरा किलोंच्या वर जातो. दोन वर्षांचं लेकरू दहा-बारा किलोंचं असतं. ओल्या धुण्याची बादली, वैरणीचा भारा, कणगीतलं धान्य, उसाची मोळी, खेड्यातल्या बाईच्या दिवसात चार किलोंच्या आतलं फारसं काही येतच नाही. म्हणजे ‘वजन उचलू नका’ याचा अर्थ पाणी दुसऱ्याने भरायचं, गुरांचं दुसऱ्याने बघायचं, आणि ते कोण करणार हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरलेलं असायला हवं.

बाळंतिणीसाठी आपल्याकडे हे ठरलेलं असतं. सव्वा महिना तिने बाहेरचं काम करायचं नाही, हे सासूही मान्य करते आणि शेजारीणही. पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताईंच्या घरभेटीही ठरलेल्या असतात. पिशवी काढलेल्या बाईलाही नेमके तेवढेच दिवस लागतात. पण तिच्या कुशीत बाळ नसतं, म्हणून तिचा सव्वा महिना कुणी धरत नाही. पंधराव्या दिवशी ती चुलीपुढे असते आणि विसाव्या दिवशी खुरपणीला.

सहा आठवडे शरीरसंबंध नकोत, हे नवऱ्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगणं उत्तम. त्यानंतर बहुतेकींचं सहजीवन पूर्वीसारखं सुरू होतं. रोजच्या दुखण्यातून सुटलेल्या काहींचं तर सुधारतंही. पिशवी गेली म्हणून बाईची ताकद जात नाही. पाळी थांबते आणि मूल होत नाही, एवढा बदल पक्का. तरी काहींना उदास वाटतं, रडू येतं. त्याला ‘नखरे’ म्हणून उडवून लावण्यापेक्षा ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.

काही आठवडे थोडं लालसर किंवा तपकिरी जाणं स्वाभाविक आहे. मात्र पॅड भिजेल इतकं रक्त, घाण वासाचा स्राव, थंडी वाजून ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, लघवी अडणं किंवा आपोआप गळणं, एकाच पायाच्या पोटरीला सूज, अचानक लागलेला दम, यांतलं काहीही दिसलं तर बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

काढलेली पिशवी तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे जाते. तिचा अहवाल यायला काही दिवस लागतात आणि टाके दाखवायला गेल्यावर तो मागून घ्यायचा राहून जातो. पुढे पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर अंडाशयं आहेत की नाहीत, पिशवीचं तोंड ठेवलंय की काढलंय, हे अनेक बायकांना सांगता येत नाही. तोंड ठेवलं असेल तर पॅप तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. अंडाशयं काढली असतील तर हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि काहींना हार्मोनची औषधं लागतात. डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवले आणि त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ही उत्तरं एका मिनिटात मिळतात.