दाढेपेक्षा वाट पाहणे दुखते

ताप आला की आपण लगेच औषध आणतो. दाढ ठणकली की मात्र लवंगेचे तेल, मिठाच्या गुळण्या, दुखण्यावरची गोळी असे सारे करून पाहतो. अगदीच निभावेना, तेव्हा कुठे दातांच्या दवाखान्याची पायरी चढतो. एरवी धीराची असलेली माणसेही त्या खुर्चीला घाबरतात.

ही भीती नेमकी कशाची असते? अमेरिकेतील नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ती मोजण्यासाठी चार प्रश्न काढले. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे. बाहेरच्या खोलीत बसला आहात. खुर्चीत बसल्यावर डॉक्टर दात कोरायचे यंत्र तयार करीत आहेत. दात साफ करायची हत्यारे काढीत आहेत. अशा वेळी काय वाटते? चारही प्रसंग वाट पाहण्याचे आहेत. दाताला अजून हातही लागलेला नाही!

मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळसारख्या डोंगरावरच्या गावात हे वाट पाहणे फार लांबते. दाढेसाठी मोखाडा किंवा जव्हार गाठायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. पावसाळ्यात भात-नागलीची लावणी असते. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात. ‘आज नको’ म्हणायला कारण खरेच असते. पण त्याच्या आडोशाला भीतीही सुखाने नांदते. कोणी रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतला किडा पाडू पाहतो. दाढेत किडा नसतोच. तोंडातले जिवाणू गोडाधोडापासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात पोखरतो.

कीड वरवर असेल, तर दात भरताना फारसे दुखत नाही. ती नसेपर्यंत पोचून पू झाला, की बधिरतेचे इंजेक्शनही नीट लागू पडेनासे होते. म्हणजे भीतीने उशीर, उशिराने वेदना आणि वेदनेने पुन्हा भीती. हे चक्र पहिल्याच फेऱ्यात तोडायला हवे.

वेदनेवर मात करण्यात दंतवैद्यच आघाडीवर होते. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची गुंगी देऊन जाहीर प्रात्यक्षिक घडवणारे विल्यम मॉर्टन दंतवैद्यच होते. आज सर्रास वापरले जाणारे लिडोकेन स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. त्याने दुखणे थांबते, दाब आणि ओढ मात्र जाणवते. हे आधी ठाऊक असले, तर माणूस दचकत नाही.

आणखी काही गोष्टी सोप्या आहेत. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर घोर लागत नाही. ‘मला भीती वाटते’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. हात वर केला की थांबायचे, अशी खूण ठरवावी. श्वास सावकाश सोडावा. मधुमेह, हृदयविकार किंवा चालू औषधे असतील, तर तीही सांगावीत.

मुलांना ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक कधी घालू नये. ‘मुळीच दुखणार नाही’ असे खोटे वचनही देऊ नये. आधी सांगावे, मग दाखवावे आणि मग करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळेत होणाऱ्या तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. काही दुखत नसताना परक्या माणसापुढे तोंड उघडायची ही संधी मुलाने चुकवू नये. पहिली भेट वेदनेविना झाली, तर पुढच्या भेटीला पाय आपोआप वळतात.