फ्रँकांचा फिरंग

दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ची. आमची आजी त्याला ‘फिरंग्यांचं देऊळ’ म्हणायची. फिरंगी म्हणजे मुळात फ्रँक, तिसऱ्या शतकात ऱ्हाइनकाठी रोमनांशी झुंजणाऱ्या जर्मानिक टोळ्या. हे नाव भाल्यावरून पडलं असावं, ‘स्वतंत्र’ हा अर्थ मागून चिकटला, असं बरेच अभ्यासक मानतात. क्रुसेडच्या काळात अरबांनी सरसकट पश्चिम युरोपीयांनाच फ्रँक ठरवलं; फारसीमार्गे ते नाव आपल्याकडे आलं आणि पोर्तुगीजांना लागलं.

मला खरी ओढ फिरंग तलवारीची. लांब, सरळ पातं बहुधा युरोपातून आलेलं, म्हणूनच हे नाव. मूठ मात्र इथली, बोटांवर पोलादी आडोसा, आत गादी, शेवटी दुसऱ्या हाताने धरायला दांडी. १६६०मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला जवळपास दोन महिने लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावातही मला हाच फिरंग ऐकू येतो.