हौदातले पाणी पांढरे का झाले?

तानसा तलाव आमच्या आटगावच्या शेजारी आहे. त्याचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जाते. पण चैत्र-वैशाख आला की शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ असे म्हणतात ते उगीच नाही. म्हणून पाणी आले की आपण मिळेल त्या भांड्यात भरून ठेवतो. हौद, पिंप, रांजण, सगळे भरतो.

पाणी साठले की डास आले. डासाची मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यातून वळवळणाऱ्या अळ्या निघतात. उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. हिवताप डासामुळे पसरतो. डेंगीचा तापही डासामुळेच येतो. डेंगीचा डास तर घरातल्या साठवणीच्या पाण्यातही वाढतो आणि दिवसा चावतो.

मग करायचे काय? लहान भांडी आठवड्यातून एक दिवस रिकामी करावीत. ती घासून कोरडी करावीत. पण मोठा हौद दर आठवड्याला कसा रिकामा करणार? पाण्याचा एकेक हंडा मोलाचा. अशा हौदात गप्पी मासे सोडतात. आरोग्य खात्याची माणसे हे मासे गावोगाव देतात.

गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. आपल्या देशात तो येऊन शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. मादी बोटाच्या दोन पेरांएवढी असते. नर तिच्याहून लहान आणि रंगीत. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. या माशाला डासांच्या अळ्या फार आवडतात. असा हा बिनपगारी राखणदार आहे.

आम्ही काय चूक केली

आमच्या आळीत वापरायच्या पाण्याचा एक हौद आहे. त्यात गप्पी मासे आहेत. पिल्लांना लपायला जागा हवी म्हणून तळाशी दगड आणि विटांचे तुकडे ठेवले आहेत. एका पाडव्याच्या आधी आम्ही ठरवले, हौद अगदी लख्ख करायचा. मासे बादल्यांत काढले. सगळे पाणी उपसले. भिंतींचा बुळबुळीत थर टीसीएल पावडर लावून घासला. मग सगळे भरपूर पाण्याने धुतले. दगड-विटा दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि नव्याने रचल्या. मग हौद ताज्या पाण्याने भरला, एक दिवस तसाच उघडा ठेवला आणि मासे परत सोडले.

पाणी असे झाले की तळाचा दगड न् दगड दिसावा. मुले खूश झाली. त्यांनी माशांना मूठ मूठ भाकरीचा चुरा टाकला. आम्हीही कौतुकाने बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काय! पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरे. मासे वर येऊन तोंडे उघडत होते. सात मासे मेलेले.

आळीत एकच गलका झाला. एक जण म्हणाला, “सगळं पाणी उपसा न् पुन्हा घासा!” दुसरा तुरटीचा खडा घेऊन आला. एक आजी म्हणाली, “आरं, मासं मेलं तर डास वाढतील. मागच्या साली घरोघर ताप होता, इसरलात का?”

तिचे म्हणणे खरे होते. तेवढ्यात आरोग्यसेवक भाऊ आले. ते म्हणाले, “थांबा. आधी पाण्याला विचारू या, तुला काय झालंय.”

पाण्याला कसे विचारायचे?

भाऊंनी काचेचा पेला हौदात बुडवून भरला. तो उजेडात ओट्यावर ठेवला. तासभर कोणी हलवला नाही.

पाणी गढूळ होण्याची तीन मुख्य कारणे असतात. ती रंगावरून ओळखता येतात.

पाणी मातकट असेल, तर तो तळाचा गाळ. दगड हलवले की तो लगेच उठतो. पेल्यातले पाणी स्थिर राहिले की बहुतेक गाळ खाली बसतो. याला औषध एकच, हात न लावणे. एक-दोन दिवसांत पाणी निवळते.

पाणी हिरवे असेल, तर ते बारीक शेवाळ. ऊन फार लागले की ते वाढते. हौदावर सावली करावी. गप्पींना हिरव्या पाण्याची फारशी बाधा होत नाही.

पाणी दुधट पांढरे असेल, तासभर ठेवूनही खाली काही बसत नसेल, आणि ते धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी झाले असेल, तर तो गाळ नव्हे. ते जिवाणू. जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. एक-दोन दिसत नाहीत, पण कोट्यवधी झाले की पाणीच पांढरे दिसते.

आमचा पेला तासाभरानेही तसाच पांढरा होता.

लख्ख धुतले, तरी बिघडले कसे?

आम्ही भाऊंना हेच विचारले. त्यांनी उलट विचारले, “घरात विरजण लावता ना? मग दह्याचं भांडं रोज चाटूनपुसून धुवून टाकलं आणि चमचाभरही दही ठेवलं नाही, तर उद्या दूध कशानं लावाल?”

मग त्यांनी नीट समजावले.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया निघतो. गोठ्यात मुताचा उग्र वास नाकात जातो ना, तो याचाच. हा माशांना विषासारखा असतो. पण हौदाच्या भिंतीवर आणि दगडांवर काही उपयोगी जिवाणू वस्ती करून असतात. ते अमोनिया खातात आणि त्याचे शेवटी नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे झाडांचे खत. शेतात आपण युरिया टाकतो, तेव्हा मातीतही असेच काम चालते. अमोनियापेक्षा नायट्रेट माशांना फारच कमी बाधते.

आम्ही जो थर घाण म्हणून खरवडला, त्यातच हे उपयोगी जिवाणू होते. पावडरीने काही मेले, बाकीचे उन्हात वाळून मेले. आमच्या हौदाचे विरजणच गेले!

वर भाकरीचा चुरा टाकला. तो कुजू लागला. कुजके खाणारे जिवाणू निराळे असतात. त्यांची वाढ झपाट्याने होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा वेळा दुप्पट झाले की एकाचे १०२४ होतात. उपयोगी जिवाणू मात्र सावकाश वाढतात. त्यांची वस्ती नीट बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर कुजके खाणाऱ्यांचेच राज्य. ते पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. मासे गुदमरतात आणि श्वासासाठी वर येतात.

मग आम्ही काय केले?

मेलेले मासे आणि तळाचा कुजका चुरा जाळीने काढला. दोन दिवस माशांना काहीही खायला घातले नाही. धडधाकट मोठा मासा दोन दिवस उपाशी सहज राहतो.

एक-चतुर्थांश पाणी काढले. ते परसातल्या भाजीला घातले. तेवढेच नवे पाणी भरले. पण टँकरचे पाणी तसेच ओतले नाही. त्यात टीसीएल पावडर असते. ती माणसाला हितकारक, पण माशाला मारक. म्हणून ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवले आणि मग ओतले.

हौदातलेच पाणी बादलीने उचलून पुन्हा उंचावरून हौदात ओतत राहिलो. तसे केले की पाण्यात हवा मिसळते. मासे तासाभरात खाली पोहू लागले.

तुरटी मात्र फिरवली नाही. तुरटीने पाणी आंबट होते. ते माशांना सोसत नाही.

शेजारच्या पाड्यावर असाच गप्पींचा हौद होता. तिथून दोन बुळबुळीत विटा आणून आमच्या हौदात ठेवल्या. हे आमचे उसने विरजण!

आठव्या दिवशी पाणी निवळले. उरलेले मासे जगले. महिनाभरात बारीक पिल्लेही दिसू लागली.

एक सावधगिरी

निवळ पाणी आणि शुद्ध पाणी एकच नव्हे. आरशासारख्या पाण्यातही रोगाचे जंतू असू शकतात. पिण्याचे पाणी निराळे झाकून ठेवावे. ते उकळून किंवा औषध टाकूनच प्यावे.

आणि गप्पी मासे नदीत, ओढ्यात, तलावात सोडू नयेत. ते आपल्या गावठी माशांची अंडी आणि पिल्ले खातात. त्यांची जागा हौदातच.

ध्यानात ठेवा

१. माशांचा हौद एकदम सगळा धुऊ नये. आज अर्धे दगड धुवावेत, बाकीचे महिन्याने.

२. दगड धुवायचे ते हौदातल्याच पाण्याने. पावडर, साबण लावू नये.

३. दगड वाळू देऊ नयेत. लगेच परत ठेवावेत.

४. खाणे चिमूटभरच घालावे. हौदात अळ्या असतील तर मुळीच घालू नये.

५. पाणी बिघडले तर घाई करू नये. आधी पेल्यात घेऊन पाहावे, मग उपाय करावा.

आता दर पाडव्याला आम्ही हौद साफ करतो, पण अर्धाच. आमची आजी जवळ उभी राहते आणि बजावते, “इरजण ठेवा रं, इरजण!”