नाव नसलेली पोथी कशी सापडते

नागपुरात १९२६ साली छापलेली एक सूची मला अनेक कादंबऱ्यांपेक्षा जास्त खिळवून ठेवते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची ही सूची रायबहादूर हिरालाल यांनी केली. रसेलसाहेबांसोबत प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच. सूची बहुधा एखाद्या ग्रंथालयाची असते, ही मात्र अख्ख्या प्रांताची आहे! यातल्या पोथ्या कधीच एका छताखाली नव्हत्या. कुठली देवळात, कुठली मठात, कुठली शास्त्रीबुवांच्या माळ्यावर. त्यांना जागेवरून न हलवता या सूचीने वाचकासमोर एकत्र मांडलं.

हे किती अवघड होतं ते कळायला पोथी हातात घ्यायला हवी. तिला मुखपृष्ठ नसतं. ग्रंथाचं आणि कर्त्याचं नाव बहुधा शेवटी, समारोपाच्या मजकुरात म्हणजे पुष्पिकेत येतं. तिथेच कधी नकल करणाऱ्याचं नाव, गाव आणि शक किंवा संवतही सापडतो. शेवटचं पान गहाळ झालं, की पोथी निनावी! मग समासातल्या पानाच्या आकड्यापाशी नावाची आद्याक्षरं शोधायची. तीही नसली तर पहिली ओळ. एका नावाचे दहा ग्रंथ असतात, एका ग्रंथाची चार नावं असतात. पण मंगलाचरणाची ओळ सहसा दगा देत नाही. म्हणून चांगला सूचीकार आरंभ आणि शेवट जसाच्या तसा उतरवतो.

पुढची युक्ती तर थक्क करणारी. बत्तीस अक्षरांचा एक अनुष्टुभ श्लोक, हे मजकूर मोजायचं जुनं माप. गद्यसुद्धा याच मापाने मोजलं जाई. समजा, पोथीत ५० पानं आहेत. दोन्ही बाजू धरून १०० पृष्ठं, पृष्ठावर १० ओळी, ओळीत ३२ अक्षरं. हिशेब झाला १००० श्लोकांचा. आता दुसऱ्या गावची त्याच नावाची पोथी ६०० श्लोकांची भरली, तर ती अर्धवट तरी आहे किंवा ग्रंथच वेगळा आहे. दोन्ही पोथ्या शेजारी न ठेवता एवढं कळतं!

नागपूरला ही परंपरा आधीपासून होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी केलेली मध्य प्रांताची सूची १८७४ मध्ये इथेच छापली गेली. १८९१ पासून आउफ्रेख्ट यांनी लाइपझिगमध्ये सूचींचीच सूची काढली, तिच्यात नागपूरची नोंदही गेली. १९३५ मध्ये मद्रास विद्यापीठाने तेच काम नव्याने हाती घेतलं. त्या सूचीत ‘सीपीबी’ ही खूण दिसली, की समजायचं, हिरालालांची सूची उघडायची आहे.

पण या सूचीचं खरं वैभव कारंजा. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या या गावातल्या जैन मंदिरांच्या भांडारांत अपभ्रंशातली काव्यं जपलेली होती. मराठीच्या उगमाचा शोध घेणाऱ्याला अपभ्रंश टाळता येत नाही, आणि त्या काळी या भाषेचे छापील ग्रंथ बोटांवर मोजण्याइतके होते. यकोबींनी संपादित केलेली ‘भविसत्तकहा’ १९१८ मध्ये म्युनिकला छापली गेली होती. सूचीत कारंज्याच्या काव्यांचे उतारे आले आणि अभ्यासकांपुढे नवं दालन उघडलं. प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, तर अमरावतीच्या प्रा. हिरालाल जैन यांनी त्याचंच ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये संपादित केलं. (दोन हिरालाल, दोघेही वेगळे, नोंदी चाळताना हा गोंधळ हटकून होतो.) राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात लिहिणारा कवी वऱ्हाडातल्या मंदिरांतून छापखान्यात पोचला.

आजही विदर्भातल्या एखाद्या घरी लाल फडक्यात बांधलेली पोथी निघते. ती वाचता येत नसली तरी पानांचा क्रम मोडू नका, चिकटपट्टी लावू नका. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ फोटो घ्या, पानं, ओळी, अक्षरं मोजा आणि पोथी कोणत्या घरची, कोणत्या गावची ते लिहून ठेवा. जाणकाराला शोध सुरू करायला एवढं पुरतं.