चालीवरून सावजाची पारख
रस्त्याने जाणाऱ्या माणसांचं नकळत चित्रीकरण करायचं, ते हिंसक गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना दाखवायचं आणि विचारायचं, यातलं सोपं सावज कोण? बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांचा न्यूयॉर्कमधला हा अभ्यास १९८१मध्ये प्रसिद्ध झाला. काही सेकंदांची चाल कैद्यांना पुरली! फार लांब किंवा फार तोकडी ढांग टाकणारे, पाऊल टाचेकडून पुढे न टेकवता उचलून ठेवणारे, हातापायांचा मेळ नसलेले त्यांनी हेरले. दोष अर्थातच चालीचा नव्हे, हेरणाऱ्याचा. तरी निर्जन रस्त्यावर मोबाइल खिशात, नजर वर आणि पाऊल आपल्या नेहमीच्या मापाचं असावं. छाती काढून चालण्याचं नाटक मात्र नको. त्याने सजगता येत नाही, नुसता ताठा येतो.