रायरेश्वरची सपाटी

शिडीचे कठडे ओले आहेत. माझ्या पुढं एक मावशी चढतायत. डोक्यावर किराण्याचं गाठोडं, एका हातानं ते सावरलेलं, दुसरा हात कठड्याला. त्यांना धाप लागलेली नाही. मधेच थांबून मागं बघतात आणि म्हणतात, "सावकाश या दादा, घाई न्हाय." कोर्ले गाव खाली धुक्यात राहिलंय. केंजळगड आणि रायरेश्वर यांच्या मधल्या खिंडीपर्यंत आता गाडी येते, पण त्यापुढं सगळं पायांवरच. कड्यात बसवलेली ही लोखंडी शिडी म्हणजे वरच्या वस्तीचा हमरस्ता. बियाणं, खत, गॅसची टाकी, लग्नाचं सामान, आजारी माणूस, सगळ्यांची जा-ये इथूनच.

शिडी संपते, थोड्या वेळात चढही संपतो, आणि समोर नुसती सपाटी पसरते. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर चढ संपला की डोंगरच संपतो. माथ्यावर पाण्याचं टाकं, ढासळलेला वाडा, भगवा झेंडा. तटावरून चार दिशा बघायच्या आणि उतरायला लागायचं. रायरेश्वरवर चढ संपला की चालणं सुरू होतं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास हे पठार कित्येक किलोमीटर लांब पसरलंय. पश्चिमेला पार नाखिंद्याच्या टोकापर्यंत चालत जाता येतं. ज्याला शिखरं मोजायची आहेत त्यानं दुसरीकडं जावं. ज्याला मोकळ्या आभाळाखाली तासन्‌तास चालायचं आहे त्याच्यासाठी पुणे-सातारा भागात याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

सप्टेंबर सरत आलाय. पाऊस पुरता गेलेला नाही. दहा मिनिटं ऊन, पाच मिनिटं ढग, मधेच एक सर. वाटेच्या दोन्ही अंगांना सोनकी अशी फुललीय की लांबचा उतार पिवळा दिसतो. ओलसर जागी तेरड्याची गुलाबी झाक आहे. कुठं कवळ्याची पिवळी, मधे तांबडा ठिपका असलेली फुलं वाऱ्यावर हलतायत. चंडोल वर वर जातोय, गातोय, आणि एकाएकी गवतात उतरून दिसेनासा होतोय.

वाटेला लागून कातळाचा एक उघडा तुकडा आहे. त्यावर बोटभर मातीचा थर आणि त्यातून झिरपणारं पाणी. मी उकिडवा बसतो. निळ्या-जांभळ्या फुलांचा ताटवा आहे, एकेक फूल नखाएवढं. ही सीतेची आसवं. वरून इतकी नाजूक, आणि खाली त्या ओल्या मातीत यांचं शिकारीचं काम चाललेलं असतं. धाग्यांसारख्या अवयवांना बारीक बारीक फुगे असतात. फुग्याच्या तोंडाशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की तोंडावरची झडप आत उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. कातळावरच्या या पातळ मातीत नत्र फार थोडं. ते मिळवायचा मार्ग या झाडानं असा शोधलाय. यांचं सगळं आयुष्य या ओलीपुरतं. कातळ तापायला लागला की संपलं. म्हणून या तुकड्यावर बूट घालून फोटोसाठी बसलेले लोक बघितले की जीव तुटतो. वाट आहे, ती चांगली मळलेली आहे. तिच्यावरून चालावं आणि वाकून बघावं. दिसायचं ते सगळं दिसतं.

पुढं एका घळीशी माती रंग बदलते. रायरेश्वरची सातरंगी माती ती हीच. लाल, पिवळी, जांभळट, पांढुरकी, विटकरी. हातभर अंतरात रंग पालटतात. पावसानं नुकतंच धुतल्यामुळं आज ते जास्तच उठून दिसतायत. चिमूटभर पांढुरकी माती बोटांत चोळून बघतो. गुळगुळीत लागते, पीठ चाळून घ्यावं तशी. लाल माती मात्र खरखरीत. मूळ दगड सगळा एकच, सह्याद्रीचा काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाखो वर्षं उष्ण, पावसाळी हवेत हा दगड कुजत गेला. सिलिका विरघळून वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. त्याचाच पुढं जांभा झाला. लोहाच्या एका रूपाचा रंग लाल, पाणी धरलेल्या दुसऱ्या रूपाचा पिवळा, आणि लोह निघून गेलं तिथं पांढरी चिकणमाती. पुड्या बांधून ही माती नेणारे पुष्कळ आहेत. न्यायचं काहीच कारण नाही. डब्यात पडली की ती नुसती माती.

वस्तीकडं वळतो. जंगम मंडळी इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, रायरेश्वराची पूजा त्यांच्याकडं. मंदिर दगडी, बुटकं, पावसाला पाठ देऊन बसलेलं. आत गारवा आणि तेलाच्या दिव्याचा वास. 1645 साली बालशिवाजींनी सवंगड्यांसह याच पिंडीसमोर स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. गाभाऱ्यात उभं राहिलं की ती ऐकलेली गोष्ट राहत नाही. खालची मावळातली खोरी, इथून चालत जाण्याजोगे गड आणि तरणी पोरं, सगळं एका नजरेच्या टप्प्यात येतं.

शिडीवर भेटलेल्या मावशींच्याच ओसरीवर जेवण मिळतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा. बाजूच्या खाचरात भात उभा आहे, वरच्या तुकड्यावर नाचणी. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कुटुंबानं ट्रॅक्टरचे सुटे भाग करून ते त्या शिडीवरून खांद्यावर आणले आणि वर ट्रॅक्टर पुन्हा जोडला. मी विचारतो, पावसात कसं निभावता?

"जेठातच लाकूडफाटा भरायचा. घराला झड बांधायची. मंग पाऊस लागला का आठ-आठ दिस समूरचं घर दिसत न्हाय," मावशी सांगतात. भाकरी वाढताना पुन्हा म्हणतात, "लोकं येत्यात ती निस्ती फुलं बघाया. आखाडात या म्हनावं."

आम्हा चालणाऱ्यांना जी वाट इतकी सुखाची वाटते ती यांच्या पायांनी, यांच्या गुरांच्या खुरांनी पडलेली आहे. दुधाची चरवी घेऊन रोज जाणारा माणूस चढ कमीत कमी लागेल अशीच वाट धरतो. ओढा कुठं ओलांडायचा, कड्याच्या किती जवळून जायचं, हे सगळं त्या वाटेत मुरलेलं आहे. म्हणून इथं रंगवलेल्या बाणांपेक्षा मी शेणाच्या खुणांवर जास्त भरवसा ठेवतो.

जेवून मी दक्षिणेच्या कड्याशी येतो. ढग खालून वर येतायत आणि फाटतायत. एका फटीतून कमळगड दिसतो, मग धोम धरणाचं पाणी, त्यापलीकडं पाचगणीचं टेबललँड. उलट बाजूला, उत्तरेकडं, नीरेचं खोरं आणि लांब राजगड-तोरण्याची रेघ. पठाराच्या या कडेला पडलेला पाऊस वाळकीच्या खोऱ्यातून धोमजवळ कृष्णेला मिळतो. त्या कडेला पडलेला नीरेत जातो, नीरा-नरसिंगपूरला भीमेला भेटतो, त्या पाण्याबरोबर पुढं पंढरपूर आणि सोलापूर मागं टाकून कर्नाटकात शिरतो, आणि पार रायचूरकडं कृष्णेत उतरतो. आत्ता माझ्या टोपीवर पडणारी सर यातली कुठली वाट धरणार ते वाऱ्यावर आहे.

मागून मावशींचा पुतण्या येतो, चार म्हशी पुढं घालून. "नाखिंद्याला जायचंय का?" तो विचारतो. मी हो म्हणतो. तो आभाळाकडं बघतो, मग माझ्या बुटांकडं.

"मंग आत्ताच निघा. गोमुखावर बाटल्या भरून घ्या. आन्‌ ढग बसला तर कडंनं चालू नका, म्हशींच्या वाटंनं मागं या."

गोमुखातून पडणारी धार जाड आहे, बाटल्या झटक्यात भरतात. पश्चिमेकडचं आभाळ अजून उघडं आहे. मी पाठपिशवीचा पट्टा ओढून घेतो आणि निघतो.